दहा घ्यावे, अकरा द्यावे

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमचा नातू पंधरा दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. नववीत शिकणारा मुलगा. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की तो आतल्या खोलीत जाई आणि थोड्याच वेळात तेथून शस्त्रांचा खणखणाट, स्फोटांचे आवाज आणि जपानी भाषेतील आरोळ्या ऐकू येऊ लागत. एके सायंकाळी मी दारातून डोकावलो. पडद्यावर सोनेरी केसांचा एक मुलगा आपल्या पोलादी हाताने कोणाला तरी ठोसे लगावीत होता. ज्या घरात पाणीसुद्धा गाळून पितात, त्या घरात हे काय चालले आहे, असा प्रश्न माझ्या मनात आला आणि तो मी बोलूनही दाखविला.

नातू उद्धट नाही. त्याने चित्र थांबविले व म्हणाला, "आजोबा, तुम्ही बँकेत होता ना? खाते न तपासता तुम्ही कोणाला कर्ज नाकारत होता का? पाच भाग माझ्याबरोबर बघा. मग बंद कर म्हणालात, तर करीन."

प्रस्ताव व्यवहारी होता. पस्तीस वर्षे दुसऱ्यांची खाती तपासण्यात गेलेल्या मनुष्यास तो नाकारणे कठीण गेले. मी खुर्ची ओढून बसलो. पाच भागांचे पुढे चौसष्ट झाले. सुट्टी संपल्यावर तो आपल्या घरी आणि मी आमच्या घरी असे आम्ही दोघांनी उरलेले भाग पाहिले आणि दर रविवारी दूरध्वनीवर त्यांची चर्चा केली. त्या मालिकेचे नाव ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहुड’. मारामारीने भरलेली ही मालिका पाहण्यासारखी का आहे, हे एका जुन्या बँक अधिकाऱ्याच्या नजरेने सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गोठ्यातून आलेली लेखिका

जपानी चित्रमालिकांना ‘ॲनिमे’ म्हणतात. आपल्या पिढीस हा शब्द अपरिचित असला तरी वस्तू अपरिचित नाही. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारा मोगली आठवावा. आपली मुले ज्याच्यासाठी अंथरुणातून उठत, ती मालिका जपानमध्येच तयार झालेली होती. जपानात चित्रकथा हा केवळ बालकांचा विषय मानला जात नाही. तेथे किशोरांसाठी, तरुणींसाठी, नोकरदार प्रौढांसाठी चित्रकथांची वेगवेगळी साप्ताहिके व मासिके निघतात. या छापील चित्रकथेस ‘मांगा’ म्हणतात. एखादी मांगा लोकप्रिय झाली की तिची ॲनिमे होते.

प्रस्तुत कथा हिरोमु अराकावा या लेखिकेची आहे. जन्म १९७३, उत्तरेकडील होक्काइडो बेटावरील शेतकरी कुटुंबात. घरी दुभती जनावरे. शिक्षण संपल्यावर सात वर्षे त्यांनी घरच्या शेतावर व गोठ्यात काम केले आणि मग चित्रकार होण्यासाठी टोकियोची वाट धरली. किशोरांच्या मासिकात लिहावयाचे म्हणून ‘हिरोमी’ हे स्त्रीचे नाव बदलून त्यांनी ‘हिरोमु’ हे पुरुषी वाटणारे नाव घेतले. स्वतःचे चित्र काढावयाचे झाले की त्या चष्मा घातलेली गाय काढतात. श्रमावाचून अन्न नाही, हा शेतकरी घरातील संस्कार त्यांच्या कथेत पानोपानी दिसतो.

ही मांगा एका मासिकात २००१ साली सुरू झाली आणि २०१० साली संपली. एकूण १०८ प्रकरणे, सत्तावीस खंड. ‘बोन्स’ या निर्मितीगृहाने तिच्यावर दोनदा मालिका केली. पहिली २००३ साली आली. तेव्हा मूळ कथा अर्धीही झालेली नव्हती, म्हणून लेखिकेच्या संमतीने पडद्यावरील कथेने निराळा मार्ग घेतला. दुसरी, म्हणजे ‘ब्रदरहुड’, एप्रिल २००९ ते जुलै २०१० या काळात चौसष्ट भागांत प्रसारित झाली. दिग्दर्शक यासुहिरो इरिए. ही मूळ कथेशी प्रामाणिक आहे, आणि छापील कथा व मालिका यांचा शेवट काही आठवड्यांच्या अंतराने झाला. याचा लाभ प्रेक्षकास असा की कथेला आरंभ आहे, मध्य आहे आणि निश्चित शेवट आहे. लोकप्रियतेच्या लोभाने पाणी घालून वाढविलेले भाग येथे जवळजवळ नाहीत. ज्या मालिका शेकडो भाग चालतात आणि ज्यांत नायकाचे बळ फुकटात वाढत जाते, त्यांच्याहून ही निराळी ठरते ती प्रथम या कारणाने.

किराणा मालाची यादी

कथा अमेस्ट्रिस नावाच्या कल्पित देशात घडते. विसाव्या शतकाच्या आरंभीचा युरोप असावा असा देश. आगगाड्या आहेत, तारयंत्रे आहेत आणि सत्ता लष्कराच्या हाती आहे. तेथे किमया हे शास्त्र आहे. किमयागार जमिनीवर वर्तुळ काढतो आणि एका वस्तूपासून दुसरी वस्तू घडवितो. परंतु या शास्त्रास एक नियम आहे: जे मिळवावयाचे असेल, त्याच्या तोडीचे काही द्यावे लागते. यास समतुल्य विनिमय म्हणतात. एक किलो लोखंडातून एक किलोचीच वस्तू होते. लाकडाचे लोखंड होत नाही.

व्यापारी घरात वाढलेल्या कोणासही हा नियम समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या वह्यांत जमा आहे तेथे नावे आहे. जमेच्या बाजूला नोंद आहे आणि नावेच्या बाजूला नाही, असे दिसले की मुनीम रात्रभर जागतो. आमच्या बँकेत दिवसाचा ताळा चार आण्यांनी चुकला तरी सगळी शाखा थांबून राही.

एडवर्ड आणि अल्फोन्स एल्रिक हे दोन भाऊ. वडील घर सोडून गेलेले, आई आजारात निवर्तली. थोरला अकरा वर्षांचा, धाकटा दहाचा. दोघांनी पुस्तके वाचून आईला परत आणण्याचे ठरविले. मानवी देह कशाकशाचा बनला आहे, याची त्यांनी यादी केली: पाणी पस्तीस लिटर, कार्बन वीस किलो, अमोनिया चार लिटर, चुना दीड किलो, फॉस्फरस आठशे ग्रॅम, मीठ अडीचशे ग्रॅम, सोरा शंभर ग्रॅम, आणखी काही किरकोळ पदार्थ. पुढे एके ठिकाणी एडवर्ड स्वतःच सांगतो की हे सर्व सामान एखादे मूल आपल्या खाऊच्या पैशांतून बाजारात विकत घेऊ शकेल. किराणा मालाच्या दुकानात लिहिली जावी तशी ती यादी आहे. मुलांनी वजनमापे अचूक घेतली होती.

आई परत आली नाही. जे आले ते मनुष्य नव्हते. एडवर्डचा डावा पाय गेला आणि अल्फोन्सचा संपूर्ण देह गेला. धाकट्याचा जीव तरी राहावा म्हणून एडवर्डने आपला उजवा हात देऊन त्याचा आत्मा घरातील एका जुन्या लोखंडी चिलखताशी बांधला. तेव्हापासून अल्फोन्स म्हणजे एक रिकामे चिलखत आहे. त्याला भूक नाही, झोप नाही, स्पर्श नाही. रात्री सर्व झोपले की तो एकटा जागा बसतो. देह परत मिळाला की काय काय खावयाचे, याची तो वहीत यादी करतो. शेजारच्या विन्रीने केलेली सफरचंदाची पाय त्या यादीत आहे. रस्त्यावर मांजराचे पिल्लू दिसले की तो ते उचलून आपल्या पोकळ छातीत लपवितो. थोरल्या भावास ते न सांगता सांभाळावयाचे असते.

दोघांनी आपले घर जाळून टाकले, म्हणजे परतीचा विचार मनात येऊ नये. त्या दिवसाची तारीख एडवर्डने आपल्या चांदीच्या घड्याळाच्या झाकणात आतून कोरली आहे. ही सर्व हकिगत पहिल्या काही भागांतच येते. पुढील साठ भाग या एका नावे नोंदीचा ताळा जुळविण्याचा प्रयत्न आहे.

परीस आणि त्याची किंमत

देह परत मिळवावयाचा तर नियमाला वळसा घालणारे साधन हवे. ते म्हणजे परीस. आपल्याकडील परीस लोखंडाचे सोने करतो. या कथेतील परीस हाती असला की काही न देता काहीही घडविता येते. दोघे भाऊ त्याच्या शोधात देशभर फिरतात, सरकारी ग्रंथालयात एका वैज्ञानिकाने सांकेतिक भाषेत लिहिलेली टिपणे उलगडतात आणि त्यांना कळते की परीस जिवंत माणसांपासून बनतो.

मी तो भाग पाहताना नकळत उठून बसलो. नियम मोडलेला नव्हताच. किंमत दिली गेलीच होती. ती दुसऱ्या कोणीतरी दिली होती आणि त्या देणाऱ्याला विचारले नव्हते. परीस वापरणारा ज्याला फुकट म्हणतो, ते दुसऱ्याच्या खात्यातून वळते केलेले असते. आपण व्यापारात आणि बँकेत जे मोठमोठे घोटाळे पाहिले, त्या सर्वांचा सारांश या एका कल्पनेत आहे. कोठेही अचानक प्रचंड नफा दिसला की जुने लोक विचारीत, ‘हा पैसा कोणाच्या खिशातून आला?’ दोघे भाऊ पंधरा आणि चौदा वर्षांचे असताना हाच प्रश्न स्वतःस विचारतात आणि परीस न वापरण्याचे ठरवितात. एवढ्या वयात, एवढी गरज असताना.

माझ्या मते या मालिकेचे मर्म येथे आहे. पुष्कळ मारामारीच्या कथांत शक्ती मिळते ती कोठून, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. इमारती कोसळतात, त्यांत कोण राहत होते ते कळत नाही. येथे प्रत्येक ठोशाची नोंद आहे. एडवर्डचा पोलादी हात मोडला की तो बनवून देणाऱ्या विन्रीला रात्री जागून पुन्हा नवीन करावा लागतो, आणि ती त्याला त्याबद्दल चांगलीच झापते.

मार्चअखेर

चौथ्या भागाविषयी पालकांना आधीच सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण तो भाग फार जड आहे. शाऊ टकर नावाचा एक सरकारी किमयागार असतो. सरकारी किमयागारांना दरवर्षी काही नवे संशोधन दाखवून आपला परवाना टिकवावा लागतो. टकरचे काम अडलेले असते. त्याच्या घरी नीना नावाची चार-पाच वर्षांची गोड मुलगी आणि एक मोठा कुत्रा असतो. दोघे भाऊ तेथे अभ्यासास जातात, मुलीशी खेळतात. वार्षिक परीक्षेचा दिवस जवळ येतो, आणि तो बाप आपल्या मुलीचा व त्या मुक्या जनावराचा आपल्या प्रयोगासाठी उपयोग करतो. दृश्य दाखविलेले नाही. परिणाम दाखविला आहे, आणि तो पुरेसा आहे.

नातू माझ्याकडे पाहत होता. ‘बंद कर’ म्हणण्याची हीच वेळ, असे त्याला वाटले असावे. मी तसे म्हणालो नाही, कारण मला दुसरेच काही आठवत होते.

एका गावातील शाखेत मी कर्ज विभाग पाहत असताना एका कापड दुकानदाराचे खाते थकले होते. मार्चअखेर आली होती. ते कर्ज अनुत्पादक म्हणून नोंदविले गेले असते तर शाखेचे वर्षभराचे आकडे बिघडले असते. नूतनीकरण करावयाचे तर आणखी एक जामीनदार आवश्यक होता. दुकानदाराने आपल्या नात्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांना आणले. स्वच्छ धोतर, हातात कापडी पिशवी. सही करण्यापूर्वी त्यांनी मला विचारले, "साहेब, सही केली की माझे काम संपले ना?" मी म्हणालो, "हो, एवढेच."

मी नियम मोडला नव्हता. सर्व कागद बिनचूक होते आणि त्यांत जामीनदाराची जबाबदारी छापलेली होतीच. त्या वर्षी आमच्या शाखेचे कौतुक झाले. दोन वर्षांनी दुकान बुडाले आणि त्या शिक्षकांची निवृत्तीनंतर ठेवलेली मुदत ठेव त्या कर्जात वळती झाली. वळती करण्याच्या कागदावर माझीच सही आहे. ते बँकेत भांडावयास आले नाहीत. एकदा बाजारात भेटले तेव्हा त्यांनी मलाच प्रथम नमस्कार केला.

हे मी घरात कधी कोणाला सांगितले नव्हते. त्या रात्री नातवास सांगितले. टकर राक्षस होता, मी नव्हतो, हे खरे. परंतु वार्षिक तपासणीच्या दिवशी आपले पुस्तक स्वच्छ दिसावे म्हणून समोरच्या निष्पाप माणसाकडे साधन म्हणून पाहणे म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. ज्या चित्रमालिकेमुळे एका वृद्धाला आपल्या नातवासमोर हे बोलता आले, ती मालिका केवळ मारामारीची म्हणून बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही.

सूडाची वसुली

आता मूळ आक्षेपाकडे येतो. हिंसा दाखविणाऱ्या गोष्टी आपल्या घरात पाहाव्यात का?

या कथेत रक्तपात आहे, तो मी लपवीत नाही. कथेच्या पार्श्वभूमीला इश्वल या प्रदेशातील युद्ध आहे. एका सैनिकी अधिकाऱ्याच्या गोळीने एक लहान मूल ठार होते, बंड पेटते, सात वर्षे चालते, आणि शेवटी सरकारी किमयागारांना पाठवून त्या जमातीचा नायनाट केला जातो. लेखिकेने या भागासाठी दुसरे महायुद्ध अनुभवलेल्या वृद्धांच्या भेटी घेतल्या होत्या. शिवाय होक्काइडो ही मूळची ऐनू लोकांची भूमी. एकोणिसाव्या शतकात तेथे मुख्य जपानातून वसाहतकरी आले आणि ऐनूंची जमीन व भाषा दोन्ही मागे पडली. त्याच भूमीवरील शेतकरी घरातून आलेली लेखिका इश्वलची कथा सांगते, हे लक्षात ठेवून पाहिले तर तिच्यातील अस्वस्थता अधिक कळते.

युद्धातून वाचलेला एक इश्वली मनुष्य सूडाने पेटून सरकारी किमयागारांना ठार मारीत सुटतो. चेहऱ्यावरील व्रणामुळे त्यास ‘स्कार’ म्हणतात. प्रेक्षकाची सहानुभूती त्याच्याकडे झुकू लागते, तोच कळते की विन्रीच्या आईवडिलांना त्यानेच मारले आहे. ते दोघे डॉक्टर होते. शत्रुपक्षाचे असूनही युद्धभूमीवर थांबून इश्वली जखमींवर उपचार करीत होते, आणि शुद्धीवर आलेल्या स्कारने संतापाच्या भरात त्यांचाच जीव घेतला. हे विन्रीच्या कानावर पडते तेव्हा समोर स्कार असतो आणि तिच्या पायाशी पिस्तूल पडलेले असते.

ती ते उचलते. एडवर्ड मध्ये उभा राहतो. तिचे हात जीव घेण्यासाठी नाहीत, हे तो तिला सांगतो. काही दिवसांपूर्वीच त्याच हातांनी तिने एका अडलेल्या बाईचे बाळंतपण केले होते. त्याला पोलादाचे हात-पाय देऊन उभे केले ते याच हातांनी. ती पिस्तूल चालवीत नाही. पुढे बऱ्याच भागांनंतर स्कार जखमी असतो आणि विन्री त्याच्या दंडावर पट्टी बांधते. आपण क्षमा केलेली नाही, हे ती स्पष्ट सांगते. आपले आईवडील येथे असते तर त्यांनी हेच केले असते, म्हणून ती पट्टी बांधते. क्षमेचा सोहळा न करता वैर पुढे न नेणे किती कठीण आहे, हे इतक्या साधेपणाने सांगितलेले मी क्वचित पाहिले आहे.

दुसरा प्रसंग रॉय मस्टँग या लष्करी अधिकाऱ्याचा. अग्नीवर त्याची हुकमत. त्याच्या जिवलग मित्राचा खून झालेला असतो. खुनी त्याच्या हाती सापडतो आणि तो त्याला जाळू लागतो, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. खुनी इतका नीच आहे की आपणही मनातून ‘जाळ’ असेच म्हणत असतो. तेव्हा त्याला थांबविण्यासाठी तिघे उभे राहतात: त्याची विश्वासू सहकारी रायझा हॉकआय, एडवर्ड आणि स्वतः स्कार. सूडाने पेटलेला माणूस उद्या देश चालवील तर तो देश कसा असेल, हे विचारण्याचा सर्वाधिक अधिकार स्कारलाच आहे, कारण त्या रस्त्याच्या टोकापर्यंत तोच जाऊन आला आहे. मस्टँगचा हात खाली येतो. मारामारीच्या मालिकेतील सर्वांत थरारक क्षण कोणता, असे मला विचारले तर मी हा न केलेला प्रहार सांगेन.

हिंसा दाखविणे आणि हिंसेची गोडी लावणे यांत अंतर आहे. ज्या कथेत मरणाऱ्याला नाव नाही, घर नाही, मागे रडणारे कोणी नाही, तेथे हिंसेची गोडी लागते. येथे मस्टँगच्या मित्राच्या अंत्यविधीला त्याची तीन वर्षांची मुलगी, बाबांना मातीत का ठेवता, त्यांना खूप काम आहे, असे विचारीत राहते. हे पाहिलेले मूल मारामारीस खेळ समजेल, असे मला वाटत नाही.

लोभ नावाचे पात्र

खलपात्रांविषयीही दोन शब्द. पाश्चात्त्य परंपरेत सात घोर पापे मानली आहेत: मद, मत्सर, क्रोध, आळस, लोभ, खादाडपणा आणि वासना. कथेतील मुख्य खलपुरुषाने ही सात स्वतःतून वेगळी काढून त्यांची सात माणसे केली आहेत. आपण आता निर्दोष झालो, असे त्याला वाटते. क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांची नावे लहानपणापासून ऐकलेल्या वाचकास त्याची चूक चटकन दिसेल. विकार बाहेर काढून दुसऱ्यावर लादले म्हणजे ते जिंकले असे होत नाही. त्याची मूळची हाव तशीच राहते, किंबहुना तिला आवर घालणारे आत काहीच उरत नाही.

या सातांपैकी ‘लोभ’ हे पात्र आमच्या नातवाचे विशेष आवडते. त्याला सर्व काही हवे असते: पैसा, सत्ता, अमरत्व. शेवटाकडे त्याला उमगते की आपल्याला खरोखर हवे होते ते चार जिवाभावाचे सोबती, आणि त्यांच्यासाठी तो स्वतःस खर्ची घालतो. व्यापारी घरातील मुलांनी लोभाची ही कथा अवश्य पाहावी. तेथे लोभाला शिव्या दिलेल्या नाहीत. त्याला शेवटपर्यंत विचारले आहे की, बाबा, तुला नेमके काय हवे आहे?

काही उणिवा, काही सूचना

उणिवा नाहीत असे नाही. पहिली मालिका प्रेक्षकांनी पाहिलेली असेल असे गृहीत धरल्याने आरंभीचे दहा-बारा भाग घाईने पुढे सरकतात. गंभीर प्रसंगात मध्येच पात्रांचे चेहरे विनोदी होतात, एडवर्डच्या ठेंगणेपणावर तर कोटी सुरूच असते. नवख्या प्रौढ प्रेक्षकास हे प्रथम खटकते, नंतर सवय होते. आहाराविषयीचे काही प्रसंग आपल्या घरातील विचाराशी जुळणारे नाहीत. त्या भावांची गुरू तर एका खाटकाची पत्नी आहे. अशा वेळी मुलांशी मोकळेपणाने बोलावे. लपविण्यापेक्षा ते बरे.

माझ्या मते तेरा-चौदा वर्षांखालील मुलांना ही मालिका दाखवू नये, आणि त्यापुढील मुलांनीही शक्य तर घरातील मोठ्यांसह पाहावी. मूळ जपानी आवाज ठेवून खाली इंग्रजी ओळी वाचाव्यात. दोन्ही भावांना आवाज दिला आहे तो रोमी पार्क आणि रिए कुगिमिया या दोन अभिनेत्रींनी. रिकाम्या चिलखतातून येणारा त्या लहान मुलाचा कोवळा आवाज ऐकला म्हणजे मूळ भाषेचा आग्रह का, ते समजेल. अकिरा सेंजू यांचे संगीतही कान देऊन ऐकण्यासारखे आहे. एक भाग सुमारे चोवीस मिनिटांचा, म्हणजे चौसष्ट भागांचे साडेपंचवीस तास होतात. रोज एक भाग पाहिला तर दोन महिन्यांत मालिका पूर्ण होते. एका बैठकीत दहा-दहा भाग संपवू नयेत. पाहिलेले बोलावयास वेळ राहिला पाहिजे.

शेवटचा हिशेब

अल्फोन्सचा देह परत मिळतो का आणि मिळाला तर कशाच्या बदल्यात, हे मी येथे सांगणार नाही. एवढेच सांगतो की अखेरच्या क्षणी एडवर्डसमोर दोन सोपे मार्ग ठेवले जातात. एक परीस, आणि दुसरा, ज्याने स्वेच्छेने आपला प्राण देऊ केला आहे अशा एका जवळच्या माणसाचा जीव. तो दोन्ही नाकारतो. देणे आपले आहे, तेव्हा ते आपल्याच खात्यातून गेले पाहिजे, एवढे त्याला त्या चौसष्ट भागांत कळलेले असते. जे तो देतो ते ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

त्यानंतर एक छोटा प्रसंग आहे. एडवर्ड विन्रीला मागणी घालतो तीही समतुल्य विनिमयाच्या भाषेत: माझे अर्धे आयुष्य देतो, तू तुझे अर्धे दे. ती त्याला वेड्यात काढते, सगळेच घे म्हणते आणि मग स्वतःशीच टक्क्यांची घासाघीस करू लागते. आमच्या सौभाग्यवती त्या दिवशी प्रथमच शेजारी येऊन बसल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "चाळीस वर्षांत यांनी टक्का कधी सांगितलाच नाही."

आणि अल्फोन्स? प्रवासात ज्यांनी ज्यांनी आपल्याला सांभाळले, त्यांचे ऋण फेडण्याचा तो एक नवा नियम काढतो. दहा मिळाले तर दहा परत करणे हा जुना विनिमय झाला. दहा घेऊन त्यात आपले एक घालावे आणि अकरा पुढे द्यावे, असे तो म्हणतो. बँकेत आम्ही दहा देऊन अकरा घेत होतो. हा मुलगा दहा घेऊन अकरा देण्याचे म्हणतो, आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांनाच ते द्यावे असेही नाही, पुढे भेटेल त्याला द्यावे.

ते शिक्षक आता हयात नाहीत. त्यांचे दहा मी त्यांना परत करू शकत नाही. परंतु अलीकडे ओळखीतले कोणी सांगू लागले की अमक्याने जामीन राहावयास सांगितले आहे, तर मी त्यांना कागद घेऊन घरी बोलावतो. चहा होतो. मग चष्मा लावून तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचतो आणि प्रत्येक कलमाचा अर्थ मराठीत सांगतो. काही जण तरीही सही करतात, काही जण कागद परत नेतात. दोघांनाही आपण काय देत आहोत ते ठाऊक असते.

नातू पुढच्या सुट्टीत येणार आहे. दुसरी एक मालिका सुचवितो म्हणाला आहे. पाच भागांचा करार कायम आहे.